दुसरी तबकडी

डब्यावर मासे उडत होते.
निळ्या आभाळात केशरी मासे, खाली सोन्याचं शहर,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत, हिंदीत,
'पूरे परिवार के लिए.'
दादांनी तो विजयवाड्याहून मांडीवर आणला होता,
दोन गाड्या बदलून,
कपड्यांच्या पिशवीत ठेवला तर चिरेल म्हणून.

सिनेमा विट्यात लागून गेलेला.
वर्गातल्या सगळ्यांचा पाहून झालेला.
आई म्हणाली होती, दादा आले की जाऊ.
दादा आले तेव्हा थेटरवर कुऱ्हाडवाला हिरो होता.
म्हणून हा डबा. दोन तबकड्यांचा.

मशीन दस्तगीरच्या दुकानातून, एका रात्रीचे पन्नास.
टीव्ही आमचाच,
ज्याचा लाल रंग जरा डावीकडं सांडायचा.
धैर्यानं खिडकीला चादर बांधली.
पलीकडं हिंदुरावकाकांचे माग चालूच,
खटखट खटखट,
त्या ठेक्यावर सोन्याचं शहर उगवलं.

काय सांगू.
पायऱ्या सोन्याच्या, पूल सोन्याचे,
चिमण्यांच्या चोचीसुद्धा.
नदी उलटी, डोंगर चढणारी,
आणि एक मुलगी, सावली हरवलेली,
दारोदार विचारत फिरते, माझी सावली पाहिलीत का.
आई हाताचं पीठ तसंच वाळू देऊन बसली.
धैर्या श्वास घ्यायचा विसरला, मग एकदम मोठ्यानं घेतला.
राजवाडा वितळला. लोंढा गल्लीत शिरला,
पिवळाधमक.
दादा म्हणाले, "खोटं हाय."

आम्ही तिघांनी त्यांना गप्प केलं.
ते गप्प बसले. मनगटावर
मूस फुटली त्या वर्षीचा डाग आहे,
तो अंगठ्यानं चोळत राहिले.
मुलीला सावली सापडली. कुठं, ते नाही सांगत,
तुम्ही पाहिला नसेल अजून.

दुसऱ्या तबकडीत गोष्टच नव्हती.
नुसतं मोठं शेड, सूतगिरणीसारखं,
आणि भिंतभर हिरवं कापड.
त्याच्यापुढं ती मुलगी, नाक ओढत.
शहर नाही, मासे नाहीत.
एक माणूस काठीला चेंडू बांधून म्हणतो, इकडं बघ, हा मासा.
ती बघते. आणि खरंच घाबरते.
धैर्या रडायलाच लागला.
"फसवलं. सगळं हिरवंच हुतं."

तेव्हा दादा पुढं सरकले.
"सोनं मुशीत पातळ झालं ना,
की पिवळं नसतंय. हिरवं दिसतंय.
हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यागत.
जरा येळच. मग वतलं की पिवळं."

इतकं सलग दादा कधी बोलले नव्हते.
त्यांच्या सोन्याबद्दल आम्हाला ठाऊक होतं ते
महिन्याच्या सात-आठ तारखेला पोस्टमन आणायचा.
आईनं विचारलं, "डोळं दुखत न्हाईत?"
"सवय हुतीय."
"अंगावर काय असतंय तितं?"
"बनेल."
आई पुढं काही विचारणार होती.
हाताचं पीठ खरवडत बसली.

मग दादांनी ते कापड परत लावायला सांगितलं.
तीनदा.
टीव्हीच्या अगदी जवळ बसून,
जणू कुणीतरी त्यांच्या भट्टीचा फोटो
आमच्या घरी पाठवला होता.

चौथ्यांदा लावलं आणि वीज गेली.
माग एकाच वेळी थांबले.
अंधारात मशीनच्या पोटात तबकडी
अजून थोडी फिरत होती, ऐकू येत होती.
सकाळी दस्तगीरनं पेचकसनं ती सोडवली,
जादाचे दहा घेतले नाहीत.

दादा गुरुवारी गेले.
पहिली तबकडी धैर्यानं झिजवली,
आता ती पुलावर येऊन अडकते.
दुसरी कुणी लावत नाही.

पुढच्या बाजारातून आईनं
हिरव्या कापडाचा तुकडा आणला, टीव्हीवर घालायला.
धुळीसाठी, म्हणाली.